द्विभाषिक डिप्लोमासाठी अकरावीचा प्रवेश : अर्ज कुठे अडतात

इंदूरमध्ये आयबी, म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, चालवणाऱ्या शाळेत अकरावीला प्रवेश मागणाऱ्या मराठी कुटुंबांचे अर्ज अडतात ते बहुधा गुणांमुळे नव्हे. भाषेचा रकाना चुकलेला असतो, जन्मदाखल्यावरचे नाव दहावीच्या गुणपत्रकाशी जुळत नाही, किंवा जुन्या शाळेची टीसी, म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला, वेळेवर हातात पडत नाही. गेली काही वर्षे ओळखीच्या मुलांचे अर्ज भरून देताना मी हेच पाहत आलो आहे. प्रवेश-परीक्षा, मुलाखत, छायाचित्रे, आधार आणि शुल्क या गोष्टी शाळेचे कार्यालय सांगेल तशा पार पडतात, म्हणून त्यांवर इथे अधिक लिहीत नाही.

आधी ‘द्विभाषिक’ या शब्दाविषयी, कारण सगळ्यात मोठा गैरसमज तिथे आहे. शाळेत अर्धे विषय हिंदीत किंवा मराठीत शिकवतात असा त्याचा अर्थ नाही. द्विभाषिक डिप्लोमा हा दोन वर्षांच्या शेवटी मिळणाऱ्या प्रमाणपत्राचा एक प्रकार आहे आणि तो मिळणार की नाही, हे अकरावीत निवडलेल्या भाषांवर ठरते. डिप्लोमाचे सहा विषयगट असतात. पहिल्या गटात भाषा आणि साहित्य येते, ज्याला शाळेत ‘ए’ म्हणतात. दुसऱ्या गटात नव्याने आत्मसात करायची भाषा येते, जी काही वर्षे शिकलेल्यांसाठी ‘बी’ आणि अगदी नवशिक्यांसाठी ‘एब इनिशिओ’ असते. द्विभाषिक डिप्लोमा दोन वाटांनी मिळतो. एक, पहिल्या गटातील दोन भाषा घेऊन, म्हणजे इंग्रजी ए आणि हिंदी ए, दोन्हींत ७ पैकी किमान ३ श्रेणी मिळवणे. दुसरी वाट अशी की पहिल्या गटात एक भाषा घ्यावी आणि तिसऱ्या किंवा चौथ्या गटातील एखादा विषय, उदाहरणार्थ इतिहास किंवा भौतिकशास्त्र, वेगळ्या भाषेतून पूर्ण करावा. इथेही दोन्हींत किमान ३ श्रेणी लागते. मूळ डिप्लोमासाठी ४५ पैकी किमान २४ गुण आणि इतर अटी आहेतच.

आता नेहमी होणारी चूक. इंदूरची मुले घराबाहेर पडली की हिंदीच बोलतात, त्यामुळे पालक ‘हिंदी सोपी जाईल, गुण मिळतील’ म्हणून इंग्रजी ए आणि हिंदी बी लिहून देतात आणि मुलाला द्विभाषिक डिप्लोमा मिळेल असे गृहीत धरतात. विषय इंग्रजीतून आणि पहिल्या गटातली भाषाही इंग्रजीच, तेव्हा या जोडीने डिप्लोमा मिळतो, पण तो द्विभाषिक नसतो. दहावीपर्यंत हिंदी शिकलेल्या मुलाला हिंदी एब इनिशिओ देता येत नाही, हेही लक्षात असू द्यावे. उलट, हिंदी माध्यमातून आलेल्या मुलाने हिंदी ए, इंग्रजी बी आणि विज्ञान इंग्रजीतून घेतले, तर दुसऱ्या वाटेने तो पात्र ठरतो. ही सोय फार थोड्या घरांना ठाऊक असते. मात्र परदेशी शिक्षणाचा विचार असेल, तर तिकडचे विद्यापीठ इंग्रजीची कोणती अट घालते, ते अर्ज भरण्यापूर्वी पाहून घ्यावे.

मराठीच ए भाषा म्हणून घ्यावी अशी काही घरांची मनापासून इच्छा असते आणि ती मला मोलाची वाटते. ज्या भाषेचा शिक्षक शाळेत नाही, तिच्यासाठी आयबीत शाळेच्या साहाय्याने स्वयंअध्ययनाची तरतूद आहे. ती फक्त साहित्य या विषयासाठी आणि फक्त स्टँडर्ड लेव्हलला, म्हणजे हायर लेव्हलच्या खालच्या पातळीला, मिळते, आणि तीत ९ साहित्यकृतींचा अभ्यास करावा लागतो. शिकवणारी व्यक्ती बहुधा घरच्यांनाच शोधावी लागते. आपल्या परीक्षासत्रासाठी मराठीची सोय कशी होणार आणि त्याकरिता शाळा आयबीकडे कधी अर्ज करणार, हे शाळेच्या आयबी समन्वयकाकडून लेखी मागून घ्यावे. तोंडी ‘हो, होऊन जाईल’ यावर विसंबून सत्र सुरू केलेली मुले दिवाळीनंतर भाषा बदलताना मी पाहिली आहेत.

याच ठिकाणी कोणाकडेच नसलेला कागद मागितला जातो. मुलाला मराठी लिहिता-वाचता येते याचा पुरावा काही शाळा मागतात, आणि इथल्या बहुतेक शाळांत मराठी हा विषयच नसल्याने गुणपत्रकावर ती कुठेच नसते. त्यासाठी कोणाच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र लिहून आणण्यापेक्षा, समन्वयकांसमोर मुलाकडून एक अपरिचित उतारा वाचून घ्यावा आणि त्यावर पानभर लिहून घ्यावे, अशी विनंती करणे जास्त उपयोगी पडते. ही चाचणी आधी घरीच करून पाहावी. एका हुशार मुलीने, जिचे घरातले सगळे बोलणे मराठीत चालते, माझ्यासमोर पानभर लिहिले, तेव्हा ‘डोळे’, ‘वेळ’, ‘सगळे’ या सर्व शब्दांत ‘ळ’च्या जागी ‘ल’ होता आणि जोडाक्षरांपाशी ती प्रत्येक वेळी थांबत होती. मराठी ए ची पहिली प्रश्नपत्रिका सव्वा तासाची असते आणि ती पूर्वी न वाचलेल्या उताऱ्यावर असते. वाचनाची ही तयारी नववीपासून करायला हवी.

मुदतीविषयीही असाच घोटाळा होतो. मे महिन्याच्या परीक्षेची नोंदणी आदल्या वर्षीच्या १५ नोव्हेंबरपर्यंत होते, म्हणून भाषा तोपर्यंत बदलता येईल असे पालक समजतात. ती तारीख शाळेने परीक्षेसाठी नावे नोंदवण्याची आहे. स्टँडर्ड लेव्हलच्या विषयासाठी १५० आणि हायर लेव्हलसाठी २४० तास अध्यापन अपेक्षित असते. बारावीच्या नोव्हेंबरात भाषा बदलणाऱ्या मुलाला ते तास कुठून मिळणार? निर्णय अकरावीच्या पहिल्या काही आठवड्यांतच व्हायला हवा.

जन्मदाखल्याचे प्रश्न मराठी घरांत एका खास कारणाने वाढतात. पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे मूल इंदूरचे असले तरी दाखला नागपूर, नाशिक किंवा पुण्याचा असतो. त्यातली दुरुस्ती इंदूरच्या नगर निगमात होत नाही. जिथे जन्म नोंदला गेला, तिथल्या निबंधकाकडेच जावे लागते. कित्येक दाखल्यांवर बाळाचे नावच नसते. जन्माची नोंद झाल्यावर १२ महिन्यांपर्यंत नाव विनाशुल्क लिहिता येते आणि त्यानंतर विलंबशुल्क भरून नोंदणीपासून १५ वर्षांपर्यंत. अकरावीत जाणारे मूल पंधरा-सोळा वर्षांचे असते, म्हणजे हा कागद प्रवेशाच्या वेळी प्रथम उघडून पाहणाऱ्याची मुदत संपलेली असू शकते. मूल नववीत असतानाच दाखला कपाटातून बाहेर काढावा. इंग्रजी अक्षरांतले नावही तपासावे : महाराष्ट्रातल्या दाखल्यावर ज्ञानदा ‘डी’ने सुरू होते, तर इंदूरच्या शाळेत तीच ‘जी’ने, आणि देवनागरीत सारखेच दिसत असल्याने घरात कोणाच्या लक्षात येत नाही. दाखला, गुणपत्रक, आधार आणि पासपोर्ट या चारही ठिकाणी एकच स्पेलिंग हवे, कारण डिप्लोमावर नोंदणीतलेच नाव छापून येते.

टीसीसाठी जुन्या शाळेची थकबाकी भरून लेखी अर्ज द्यावा आणि पोच घ्यावी. दुसऱ्या राज्यातून येणाऱ्यांनी त्यावर तिथल्या जिल्हा शिक्षण अधिकाऱ्याची प्रतिस्वाक्षरी लागेल का, ते नव्या शाळेला आधीच विचारावे. ती एक सही राहिली म्हणून वडोदऱ्याहून आलेल्या एका कुटुंबाला पुन्हा तिकडे जावे लागले, आणि दाराशी असलेल्या कारकुनाने हे पहिल्याच दिवशी सांगितले असते तर तो खर्च वाचला असता. कागदाबरोबर यू-डायस या सरकारी शालेय नोंदींच्या पोर्टलवरही जुन्या शाळेने मुलाची नोंद मोकळी करावी लागते, तेव्हा पेन, म्हणजे मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक, मागून घ्यावा. उत्पन्नाचा दाखला घेऊन शिक्षण हक्क कायद्याची २५ टक्के जागा मागणाऱ्यांना नाइलाजाने सांगावे लागते की ती तरतूद आठवीपर्यंतच आहे.

पुढच्या शिक्षणाचा हिशेबही भाषा निवडतानाच करावा. भारतीय विश्वविद्यालय संघ आयबी डिप्लोमा बारावीशी समकक्ष मानतो. अभियांत्रिकीसाठी भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित ही रचना दोन भाषांसह बसते, कारण सहाव्या गटातल्या कलाविषयाऐवजी दुसरे विज्ञान घेता येते. वैद्यकीयसाठी लागणारी तीन विज्ञाने मात्र नेहमीच्या सहा गटांत बसत नाहीत. त्यासाठी शाळेला आयबीकडे विशेष परवानगी मागावी लागते आणि विद्यापीठाच्या अटीचा पुरावा जोडावा लागतो. मे सत्राचा निकाल जुलैच्या पहिल्या आठवड्यात लागतो. तोवर इथल्या अनेक महाविद्यालयांचे अर्ज भरून झालेले असतात, म्हणून अपेक्षित श्रेणींचे पत्र शाळेकडून मार्चमध्येच सही-शिक्क्यानिशी घेऊन ठेवावे.