स्तन काढल्यानंतरचे रेडिएशन: आखणी कोणत्या पद्धतीची?

स्तनाच्या कर्करोगात संपूर्ण स्तन काढला, तरी काखेतील लसिकाग्रंथींपर्यंत (शरीराच्या संरक्षण यंत्रणेतील छोट्या गाठींपर्यंत) रोग पोहोचला असल्यास किंवा मूळ गाठ मोठी असल्यास छातीची भिंत आणि गळ्याजवळच्या लसिकाग्रंथी यांवर रेडिएशन द्यावे लागते. गडचिरोली किंवा यवतमाळच्या खेड्यातून नागपूरला अथवा सेवाग्रामला आलेल्या बाईचे नातेवाईक बहुधा आधी मशीन नवे आहे का, हे विचारतात. प्रश्न रास्त आहे. परंतु त्या बाईच्या छातीसाठी आखणी, म्हणजे किरण कुठून आणि किती द्यायचे याची मांडणी, कशी केली, याला अधिक महत्त्व आहे.

अडचण शरीररचनेची आहे. छातीची भिंत वक्र असते, तिच्या मागे लगेच फुप्फुस असते आणि डाव्या बाजूला हृदयही असते. स्वीडन आणि डेन्मार्कमधील स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या २०१३ च्या अभ्यासात हृदयाला मिळालेल्या सरासरी मात्रेच्या प्रत्येक ग्रेमागे (ग्रे हे रेडिएशनची मात्रा मोजण्याचे एकक) गंभीर हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढल्याचे दिसले. ज्याखाली धोका नाही अशी सुरक्षित पातळी मात्र त्यात आढळली नाही.

जुनी आणि आजही उपयोगी पद्धत म्हणजे छातीला दोन बाजूंनी तिरके, स्पर्शून जाणारे किरण देणे. त्यात फुप्फुसाची आणि कधीकधी हृदयाची कड जास्त मात्रेत सापडते, पण शरीराचा उरलेला भाग किरणांपासून जवळपास वाचतो. किरणांची तीव्रता जागोजागी बदलणारी आयएमआरटी आणि फिरत्या मशीनमधून कमानीने किरण देणारी व्हीमॅट या पद्धती मात्रा वक्र भिंतीवर अधिक नेमकी बसवतात. उरोस्थीजवळच्या (छातीच्या मधल्या हाडाजवळच्या) लसिकाग्रंथींनाही उपचार द्यायचे असतील किंवा छातीची ठेवण अवघड असेल, तर त्यांचा फायदा ठळक दिसतो. त्याची किंमतही आहे: कमी मात्रेचे रेडिएशन दुसऱ्या फुप्फुसावर आणि दुसऱ्या स्तनावर पसरते, आणि तरुण रुग्णाच्या बाबतीत हे दुर्लक्षिण्यासारखे नाही. म्हणूनच संगणकावर दोन-तीन आखण्या शेजारी ठेवून, फुप्फुसाच्या किती भागाला २० ग्रे किंवा त्याहून अधिक मात्रा मिळते आणि हृदयाची सरासरी किती येते, हे पाहूनच निवड करावी लागते. नुसते ‘नवीन’ या शब्दावर भाळणे मला पटत नाही.

डाव्या बाजूच्या रुग्णासाठी एक साधा उपाय पुष्कळदा महागड्या तंत्राइतकाच उपयोगी पडतो. खोल श्वास घेऊन तो साधारण वीस सेकंद रोखला की फुप्फुस फुगते, हृदय छातीच्या भिंतीपासून दूर सरकते आणि त्या वेळेतच किरण दिले जातात. ज्या रुग्णाला हे जमते, तिला साध्या तिरक्या किरणांनीही हृदय बरेचसे वाचवता येते. मात्र श्वास नेमका किती घेतला, यावर नजर ठेवणारी व्यवस्था रुग्णालयात हवी.

विदर्भातल्या रुग्णासाठी दिवसांचा हिशेबही आखणीतच मोडतो. पूर्वी ५० ग्रे पाच आठवड्यांत, २५ भागांत देत. स्तन काढलेल्या ८२० स्त्रियांवरील चिनी चाचणीत ४३.५ ग्रे तीन आठवड्यांत, १५ भागांत दिल्यावर छाती व लसिकाग्रंथींत रोग परतण्याचे पाच वर्षांतील प्रमाण ८.३ टक्के आढळले, तर जुन्या वेळापत्रकात ते ८.१ टक्के होते. फरक नगण्य आहे. कापूस वेचणीच्या हंगामात शहरातला मुक्काम दोन आठवड्यांनी घटला, तर उपचार अर्ध्यावर सोडण्याची वेळ कमी जणींवर येईल, असे मला वाटते.

एक गोष्ट मात्र आखणीच्या स्कॅनआधीच सुरू करावी लागते. हात डोक्यावर नेता आला नाही तर तिरके किरण दंडातून जातात आणि सगळी मांडणी अडते. म्हणून शस्त्रक्रियेनंतर डॉक्टरांच्या सल्ल्याने खांद्याचे व्यायाम गावी असतानाच रोज करावेत.