पगार तोच, खुर्ची तीच, मग काम का वाढलं?

अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात माजी विद्यार्थ्यांना फोन करून देणग्या मागणारं कॉल सेंटर होतं. काम रटाळ. ठरलेली वाक्यं म्हणायची, नकार ऐकायचा, पुढचा नंबर लावायचा. तिथे कुणीतरी एक पाटी लावून ठेवली होती. तिचा अर्थ असा: इथे चांगलं काम करणं म्हणजे काळ्या पँटमध्ये लघवी होण्यासारखं आहे, आपल्याला जरा ऊब मिळते, पण बाकी कुणाच्या लक्षातही येत नाही. नोकरदाराच्या मनातली खंत इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी मांडली असेल.

मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी या कर्मचाऱ्यांवर केलेला प्रयोग २००७ साली प्रसिद्ध झाला. त्या देणग्यांमधून शिष्यवृत्ती मिळालेल्या एका विद्यार्थ्याला त्यांनी काही कर्मचाऱ्यांसमोर आणून बसवलं. काही मिनिटांच्या गप्पा, चार प्रश्न, बस्स. दुसऱ्या गटाला विद्यार्थ्याचं फक्त पत्र वाचायला दिलं आणि तिसऱ्या गटाला काहीच नाही. महिन्याभराने पाहिलं तर भेट झालेल्यांचा फोनवरचा वेळ १४२ टक्क्यांनी आणि जमवलेली रक्कम १७१ टक्क्यांनी वाढली होती. पगार, साहेब, खुर्ची सगळं तेच. पत्र वाचणाऱ्यांत मात्र म्हणावा असा फरक पडला नाही. वर्धापनदिनाला कर्मचाऱ्यांच्या हाती अभिनंदनाची परिपत्रकं ठेवणाऱ्या कुलसचिवांनी हे जरूर वाचावं.

आपल्या विद्यापीठांनी वेगळी वाट धरली. यूजीसीने २०१० साली प्राध्यापकांच्या बढतीसाठी ‘एपीआय’ गुण आणले: इतके शोधनिबंध, इतके गुण. निबंध वाढले खरे, पण त्याचबरोबर पैसे भरले की काहीही छापणाऱ्या जर्नल्सचंही पीक आलं. मे २०१८ मध्ये यूजीसीला आपल्याच मान्यताप्राप्त यादीतून ४,३०५ जर्नल्स काढावी लागली. प्राध्यापक आळशी होते असं यातून मुळीच सिद्ध होत नाही. ज्याचे गुण मिळत होते ते त्यांनी मन लावून केलं!

उद्योजकाची गोष्ट निराळी. कामाचं फळ त्याला रोज रात्री गल्ला मोजताना दिसतं. त्याची अडचण असते ती पुढचं पाऊल आपणहून टाकण्याची. हार्वर्डचे डेव्हिड मॅक्लेलंड यांनी ही प्रेरणा शिकवता येते का, हे तपासायला आंध्र प्रदेशातलं काकीनाडा निवडलं. १९६४ पासून तिथल्या ५२ व्यापारी-उद्योजकांना त्यांनी हैदराबादच्या लघुउद्योग प्रशिक्षण संस्थेत बोलावलं. तिथे एक खेळ असे. जमिनीत खुंटी रोवलेली, तिच्यावर कड्या फेकायच्या, कुठून फेकायच्या ते आपणच ठरवायचं. काही जण खुंटीला चिकटून उभे राहत, काही जण नशिबावर हवाला ठेवून लांबून भिरकावत. ज्यांची यशाची आस खरी, ते अवघड पण जमेल असं मधलं अंतर निवडतात, असं मॅक्लेलंड यांचं निरीक्षण होतं. मग तोच हिशेब स्वतःच्या धंद्यातल्या उद्दिष्टांना लावायचा.

प्रशिक्षण न घेतलेल्यांच्या तुलनेत या मंडळींनी पुढच्या काळात जास्त हालचाल केली: नवे धंदे काढले, गुंतवणूक वाढवली, माणसं कामावर घेतली. पण हा फरक प्रामुख्याने दिसला तो धंद्याचे निर्णय स्वतःच्या हातात असलेल्यांमध्ये. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच वाटते. साधा पंखा दुरुस्त करून घ्यायलाही ज्याला वरून मंजुरी लागते, अशा विभागातल्या लिपिकाला प्रेरणेच्या व्याख्यानाला बसवून काय साधणार?

काकीनाडाच्या या धड्यांवर भारतातले उद्योजकता विकास कार्यक्रम उभे राहिले. आपल्याकडे एमसीईडी, म्हणजे महाराष्ट्र उद्योजकता विकास केंद्र, हेच काम करतं.

अशा प्रशिक्षणाची मोठी चाचणी मात्र पश्चिम आफ्रिकेतल्या टोगो देशात झाली. तिचे निष्कर्ष २०१७ साली ‘सायन्स’ नियतकालिकात आले. लोमे शहरातल्या १,५०० छोट्या व्यावसायिकांचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले. एका गटाला हिशेब, विपणन वगैरे नेहमीचं शिकवलं. दुसऱ्याला पुढाकार घ्यायला, अडचण येण्याआधी तिची तयारी करायला, शेजारच्या दुकानापेक्षा वेगळं काही करून पाहायला शिकवलं. तिसऱ्या गटाला काहीच शिकवलं नाही. या तिसऱ्या गटाशी ताडून पाहता पुढच्या दोन वर्षांत पुढाकारवाल्यांचा नफा ३० टक्क्यांनी वाढलेला दिसला. हिशेबवाल्यांची वाढ ११ टक्के भरली, आणि तीही योगायोग नाही असं खात्रीने सांगता येईना. माणशी सुमारे ७५० डॉलर असलेला प्रशिक्षणाचा खर्च पुढाकारवाल्यांच्या वाढीव नफ्यातून वर्षभरात भरून निघाला.