गेम हरल्यावर ओरडला म्हणजे मनावर ताबा नाही?

रत्नागिरी-मालवणकडच्या कॉलेजांतही हा समज ऐकू येतो: गेम हरून आरडाओरडा करणाऱ्याचा भावनांवर ताबा नाही, गप्प बसतो तो शांत. हे चूक आहे. गप्प बसणारा राग नुसता गिळत असेल, तर आतून शरीर तापलेलंच राहू शकतं. म्हणून भावनांवरचा ताबा तपासायचा तर मुलाला आधी ५ मिनिटं स्वस्थ बसवून नाडी नोंदवावी, मग मुद्दाम अडवणारा गेम द्यावा आणि हरल्यावर ठोके पूर्ववत व्हायला लागणारा वेळ मोजावा. जोडीला मानसशास्त्रज्ञ ग्रॉस आणि जॉन यांची, माणूस भावना कशा हाताळतो हे विचारणारी २००३ची प्रश्नावली द्यावी: ६ विधानं प्रसंगाकडे वेगळ्या नजरेने पाहण्याबद्दल, ४ भावना दाबण्याबद्दल. गेम ऑफलाइनच हवा. पावसात रेंज गेली की नेटवर्कवरची चिडचिड मुलाच्या खात्यावर पडते. सराईत खेळाडू हरतच नाही, त्याला पातळी चढवून द्यावी.