मोटार आणि कला : आरंभीचा काळ

मोटारीची घडण आणि चित्र-शिल्पादी कला यांच्यात साधारण १९०० ते १९३० या काळात झालेली देवाणघेवाण. तिचा मोठा भाग फ्रान्स, इटली आणि इंग्लंडमध्ये घडला.

पहिल्या मोटारींना स्वतःचे रूपच नव्हते. जर्मन अभियंता गॉटलीप डाइमलरने १८८६ मध्ये तयार घोडागाडी घेऊन तिच्यातच इंजिन बसवले. पुढेही बरीच वर्षे कारखाना फक्त चॅसी (गाडीचा खालचा सांगाडा) आणि इंजिन देई. बॉडी चढवत ते बग्ग्या बांधणारे कारागीर. १९०१ च्या मर्सिडीजपासून हे पालटू लागले. गाडी लांब व बुटकी झाली, इंजिन थंड ठेवणारा, मधाच्या पोळ्यासारखा रेडिएटर पुढे आला. मोटारीला तोंड मिळाले ते असे, आणि शिल्पकारांनाही जागा मिळाली ती तिथेच, रेडिएटरच्या बुचावर.

रोल्स-रॉइसचा रेडिएटर ग्रीक देवळाच्या दर्शनी भागासारखा. त्यावर १९११ पासून चार्ल्स साइक्सने घडवलेली, पुढे झुकलेली स्त्री आहे. गाडी उभी असली तरी तिच्या वस्त्रात वारा भरलेलाच असतो.

बुगाटी घराण्यात तर हे नाते रक्ताचे होते. वडील कार्लो मिलानमधले नामांकित फर्निचरकार, थोरला एत्तोरे मोटारी बनवणारा, धाकटा रेम्ब्रांट शिल्पकार. रेम्ब्रांट प्राणिसंग्रहालयांत ठाण मांडून पिंजऱ्यासमोरच जनावरे घडवी. १९१६ मध्ये, अवघा एकतीस वर्षांचा असताना, त्याने आत्महत्या केली. दहाएक वर्षांनी एत्तोरेने आपल्या अजस्र रोयाल गाडीच्या बुचावर भावाचा हत्ती बसवला, मागच्या पायांवर उभा राहिलेला. या गाड्या सहाच बनल्या. एत्तोरेची इंजिनेही सरळ कडांची, झाकण उघडून पाहुण्यांना दाखवावीत अशी.

उलटा ओघ चित्रकलेत दिसतो. १९०८ मध्ये मिलानजवळ कवी मारिनेत्तीची मोटार चरात उलटली. फेब्रुवारी १९०९ मध्ये पॅरिसच्या ‘ल फिगारो’त छापलेल्या भविष्यवादी (वेग आणि यंत्र यांचा गौरव करणाऱ्या कलाचळवळीच्या) जाहीरनाम्यात त्याने हा अपघात रंगवून सांगितला, आणि शर्यतीची मोटार सामोथ्रेसच्या विजयदेवतेच्या प्राचीन मूर्तीहून सुंदर ठरवली. घोषणा सोपी होती. स्थिर कॅनव्हासवर वेग आणायचा कसा, हा खरा पेच. चळवळीतल्या चित्रकारांपैकी बाल्लाने चाके आणि हवेचे भोवरे एकावर एक पुन्हापुन्हा काढले. रुसोलोने (१९१२-१३) गाडीला तांबड्या बाणाग्रांच्या ओळीत दाबून बसवले. फ्रेंच चित्रकार मातीसने १९१७ मध्ये मोटारीच्या आतूनच चित्र काढले : काचेच्या चौकटीत सरळ रस्ता, दुतर्फा झाडे, आणि स्टिअरिंगला टेकवलेले त्याच देखाव्याचे रेखाटन. मोटारीने माणसाची नजर कशी बदलली, हे भविष्यवाद्यांच्या गर्जनांपेक्षा या शांत चित्रातून अधिक कळते.

१९२३ मध्ये वास्तुकार ल कॉर्ब्युझिएने आपल्या ग्रंथात पार्थेनॉन हे ग्रीक देऊळ आणि दलाज मोटार यांची छायाचित्रे एकाच पानावर छापली. एका घराच्या आराखड्याला तर सित्रोएन या फ्रेंच मोटार कंपनीवरून ‘सित्रोआँ’ असे नाव दिले. १९२५ च्या पॅरिसमधील सजावटी कलांच्या प्रदर्शनाच्या सुमारास चित्रकार सोनिया दलोनेने अंगावरच्या कापडाचे रंगीत चौकोन सित्रोएन गाडीवर चढवले. काचकलाकार लालिकने रेडिएटरच्या बुचासाठी काचेच्या मूर्ती केल्या. खालून दिवा लावला की त्या रात्री उजळत.

अमेरिकेत जनरल मोटर्सने १९२७ मध्ये कला आणि रंग यांसाठी स्वतंत्र विभाग काढून हार्ली अर्लला प्रमुख नेमले. तोवर नमुने बहुधा लाकूड-पत्र्यात होत. अर्लने ते चिकणमातीत करायला लावले. गाडीच्या कडा आता हाताने आणि कोरणीने ठरू लागल्या.