कपाशीच्या मुलखातलं तूप तपासणीत का अडकायचं

डेअरीवर नागपुरी म्हशीच्या दुधाला ७-८ फॅट लागते, गवळाऊ गाईच्या दुधाला ४ च्या वर, शेळीच्या दुधाला जवळपास गाईएवढीच. मेंढीचं दूध म्हशीच्या जवळ जातं, पण आपल्याकडे ते बहुतेक कोकरांनाच सोडतात. भाव या आकड्यावर ठरतो, त्यामुळे दुधाची सगळी पारख त्यातच आली असं वाटतं. तो सांगतो फक्त चरबी किती आहे. ती कोणत्या आम्लांची बनली आहे हा वेगळा प्रश्न, आणि वऱ्हाडातल्या तुपाचा सारा घोळ, म्हणजे निखळ तूपही भेसळीचं ठरणं, या दुसऱ्या प्रश्नावर झाला.

चरबी मोजायची सोपी रीत अमेरिकेत बॅबकॉक यांनी १८९० मध्ये दिली, आणि पाठोपाठ स्वित्झर्लंडमध्ये गर्बर यांनी. भारतात गर्बरची रीत रुळली. ब्युटिरोमीटरमध्ये, म्हणजे चरबी मोजायच्या खुणांच्या काचनळीत, १० मिलि गंधकाम्ल, त्यावर कडेकडेनं सोडलेलं १०.७५ मिलि दूध, शेवटी १ मिलि अमाइल अल्कोहोल. बूच लावून हलवायचं, मिनिटाला सुमारे ११०० फेऱ्यांनी पाच मिनिटं फिरवायचं, ६५ अंशांच्या पाण्यात ठेवून वाचायचं. आम्ल जास्त कडक असलं तर चरबीखाली जळके काळे कण जमतात, हलकं असलं तर न विरघळलेला पांढरा चोथा राहतो. दोन्ही वेळा आकडा फसवा. आणि नमुनाच चुकला तर आम्ल काय करणार? पहिल्या धारा पातळ असतात, शेवटच्या धारांत चरबी कित्येक पट. शेवटचं दूध वासराला सोडून आधीचं डेअरीवर नेलं की फॅट पडणारच.

चरबीच्या घडणीचा शोध त्याहून जुना आहे. फ्रान्समध्ये शेव्रल यांनी १८२३ च्या ग्रंथात लोण्यातलं ब्युटिरिक आम्ल वर्णन केलं. ते लहान साखळीचं, म्हणजे थोड्या कार्बनांचं, वाफेबरोबर उडणारं, पाण्यात विरघळणारं; तेलबियांच्या तेलात ते नसतं. त्यावरूनच राइशर्ट यांनी १८७९ मध्ये भेसळ पकडायची कसोटी बसवली आणि माइसल यांनी ती सुधारली. ५ ग्रॅम तुपाचा साबण करायचा, आम्ल घालून तो फोडायचा, उकळून निघालेली वाफ थंड करून ११० मिलि ऊर्ध्वपातित जमवायचं, गाळून त्यातलं १०० मिलि अल्कलीनं मोजायचं. येणारा आकडा म्हणजे आरएम (राइशर्ट-माइसल) मूल्य. वनस्पती तुपाचं हे मूल्य जेमतेम १ असतं, चांगल्या तुपाचं २५-३० च्या घरात.

जनावरागणिक फरक इथे दिसतो. म्हशीच्या चरबीत ब्युटिरिक आम्ल गाईपेक्षा थोडं जास्त, म्हणून तिचं आरएमही बहुधा वर. शेळीच्या चरबीत सहा, आठ आणि दहा कार्बनांची आम्लं मिळून साधारण १५ टक्के भरतात, गाईच्या चरबीत याच्या निम्म्याहूनही कमी. शेळीच्या दुधाचा उग्र वास मुख्यतः यांचाच. ती बहुतेक पाण्यात विरघळत नाहीत, त्यामुळे आरएममध्ये पूर्ण उतरत नाहीत. त्यांच्यासाठी १९०४ ची पोलेन्स्के कसोटी आहे. पण ती नारळाचं तेल पकडायला केलेली, आणि त्या तेलातही आठ-दहा कार्बनांची आम्लं असतात. शेळीचं निखळ तूप तिथे उगाच संशयित ठरू शकतं.

कपाशीच्या मुलखात मात्र जनावराइतकाच फरक गव्हाणीनं पडतो. जिनिंग, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणं, वाढलं तशी सरकी आणि ढेप गोठ्यात नेहमीची झाली. कडबा-कुटाराच्या तंतूंपासून पोटात असेटिक आम्ल तयार होतं, आणि त्यातून कास लहान साखळीची आम्लं स्वतः घडवते. सरकीतलं तेल रक्तावाटे कासेत पोचलं की लांब साखळीची आम्लं आयती मिळतात आणि कासेची घडण मंदावते. आरएम घसरतं. शिवाय सरकीतली सायक्लोप्रोपीन आम्लं घट्ट स्टिअरिक आम्लाचं पातळ ओलेइक होऊ देत नाहीत, म्हणून असं तूप घट्ट होतं. घाण्याच्या ढेपेत सहा-सात टक्के तेल राहतं, द्रावकानं तेल काढून घेतलेल्या पेंडीत एखादाच टक्का. म्हणून पेंडीनं हा परिणाम फारसा दिसत नाही.

वनस्पती तूप बाजारात पसरलं तशी तपासणी कडक झाली. १९३७ चा प्रतवारी कायदा आणि १९३८ चे अ‍ॅगमार्कचे तूप नियम त्याच काळातले. पण एकच मर्यादा लावली तर सरकी खाल्लेल्या म्हशीचं निखळ तूप भेसळीचं ठरायचं. नियमांत मग कपाशी पट्टा वेगळा धरला: २०११ पर्यंतच्या भेसळ प्रतिबंधक नियमांत महाराष्ट्राच्या इतर भागाला आरएम किमान २६ होतं, कपाशी पट्ट्याला २१. ही सवलत न्यायाची होती, पण तिच्या आडून भेसळही खपू शकायची, हे मान्य करायला हवं.

सरकीचं तेल ओळखणारी हाल्फेनची लाल रंगाची कसोटीही इथे निर्णायक ठरत नाही, कारण सायक्लोप्रोपीन आम्लं दुधातही उतरतात. खरा निवाडा स्टेरॉलवर, म्हणजे चरबीतल्या मेणासारख्या घटकांवर, होतो. वनस्पतीतलं सिटोस्टेरॉल दुधात जवळपास उतरतच नाही. तुपात ते ठळक सापडलं तर तेल बाहेरूनच पडलेलं. तेव्हा निव्वळ आरएम कमी म्हणून तूप नापास झालं आणि अहवालात स्टेरॉलची तपासणी नसेल, तर ती मागून घ्यावी, आणि जनावराला रोज किती सरकी-ढेप घातली ते लेखी जोडावं.