बेबी बोटॉक्स

बेबी बोटॉक्स : चेहऱ्याच्या स्नायूंत बोटुलिनम विषाची (जिवाणूपासून मिळणाऱ्या, स्नायू सैल करणाऱ्या औषधाची) नेहमीपेक्षा कमी मात्रा टोचून सुरकुत्या सौम्य करण्याची पद्धत. ‘बेबी’ म्हणजे इथे फक्त छोटी मात्रा. हा शब्द वैद्यकाच्या परिभाषेतला नसून दवाखान्यांत आणि समाजमाध्यमांवर रुळलेला आहे. त्यामुळे किती युनिटपर्यंत (युनिट म्हणजे या औषधाच्या ताकदीचे माप) ‘बेबी’ म्हणायचे, याची ठरलेली सीमा नाही. ‘बोटॉक्स’ हे मुळात एका उत्पादनाचे व्यापारी नाव. वनस्पती तुपाला सरसकट ‘डालडा’ म्हणावे, तसे ते या जातीच्या सगळ्या औषधांना चिकटले आहे.

सुरकुत्या दोन तऱ्हांच्या असतात. हसताना, रागावताना, विचारात पडल्यावर उमटणाऱ्या आणि चेहरा सैल झाला की मिटणाऱ्या त्या हालचालीच्या सुरकुत्या. कपाळावरच्या आठ्या आणि डोळ्यांच्या कडेला पंख्यासारख्या पसरणाऱ्या रेषा यांत येतात. वर्षानुवर्षे तीच घडी पडत राहिली की रेष त्वचेत मुरते आणि चेहरा स्वस्थ असतानाही दिसते. ती स्थिर सुरकुती. बोटुलिनमचा खरा उपयोग पहिल्या प्रकारावर होतो. उन्हाने आलेले काळे डाग किंवा ओघळलेले गाल यांवर त्याचा इलाज नाही. सावळ्या त्वचेत सुरकुत्यांच्या आधी डागच जास्त दिसू लागतात, म्हणून आपल्याकडच्या वाचकांनी हे आवर्जून लक्षात ठेवावे.

स्नायूला आकसण्याचा निरोप मज्जातंतू ॲसिटिलकोलिन या रसायनामार्फत देतो. हे रसायन बाहेर पडायला ‘स्नॅप-२५’ नावाचे प्रथिन लागते. ‘अ’ प्रकारचे बोटुलिनम विष नेमके तेच प्रथिन कापते आणि निरोप अडतो. परिणाम दोन-चार दिवसांत जाणवू लागतो, सुमारे दोन आठवड्यांत पूर्ण होतो आणि साधारण तीन-चार महिन्यांनी ओसरतो. मात्रा कमी असेल तर तो सहसा लवकर ओसरतो.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाने मान्य केलेली बोटॉक्सची मात्रा अशी : दोन भुवयांमधल्या आठ्यांसाठी ५ ठिकाणी मिळून २० युनिट, दोन्ही डोळ्यांच्या कडांसाठी २४ आणि कपाळाच्या आडव्या रेषांसाठी २०. बेबी बोटॉक्समध्ये डॉक्टर यापेक्षा कमी युनिट, अनेकदा बारीक बारीक थेंबांत वाटून, देतात. स्नायू दुबळा व्हावा पण थिजू नये, हा हेतू. मात्र एका कंपनीचे युनिट दुसऱ्या कंपनीच्या युनिटाइतके नसते. भुवयांमधल्या त्याच आठ्यांसाठी डिस्पोर्ट या दुसऱ्या कंपनीच्या औषधाची मान्य मात्रा ५० युनिट आहे. म्हणून नुसत्या आकड्यांची तुलना फसवी ठरते.

पण सगळीकडची मात्रा सरसकट निम्मी केली की चेहरा सहज दिसेल, हा समज चुकीचा आहे. भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळावरचा. तिला खाली ओढणारे मात्र अनेक. फक्त कपाळ सैल केले तर खाली ओढणारे वरचढ होतात आणि भुवया जडावतात. ज्यांच्या पापण्या मुळातच जड आहेत, ते नकळत कपाळाच्या बळावर डोळे उघडे ठेवत असतात. अशांना कपाळावर दिलेली थोडी मात्राही महागात पडते. उलट कपाळाचा मधलाच भाग सैल केला, तर भुवयांची टोके वर चढून चेहरा चकित किंवा कपटी दिसतो. कुठे टोचायचे यापेक्षा कुठे टोचायचे नाही, यातच खरे कसब आहे. विषाचा परिणाम परतवणारे औषध नसल्याने आधी कमी देऊन दोन आठवड्यांनी लागेल तेवढी भर घालणे शहाणपणाचे; जास्त पडलेले काढून घेता येत नाही.

चेहऱ्याची हालचाल का जपायची, हे नाट्यशास्त्राने फार पूर्वी दाखवले आहे. त्यात भुवयांच्या सात क्रिया सांगितल्या आहेत : क्रोधाची भ्रुकुटी त्यांतली एक आणि नैसर्गिक अवस्थेतली ‘सहज’ हीसुद्धा एक. मनापासूनच्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकसतो, हे फ्रेंच वैद्य द्युशेन यांनी १८६२मध्ये मांडले. कडेच्या रेषा पार पुसल्या, तर हसण्यातला हाच भाग हरवतो. नट आणि नर्तक यांच्यासाठी तर हा पोटापाण्याचा प्रश्न आहे.

या औषधाचा उगम अन्नविषबाधेत आहे. जर्मनीतल्या व्युर्टेम्बर्गचे वैद्य युस्टिनुस केर्नर यांनी १८२०च्या दशकात सॉसेजमधून होणाऱ्या विषबाधेचे वर्णन केले आणि हे विष औषध म्हणून वापरता येईल, असेही सुचवले. सॉसेजला लॅटिनमध्ये ‘बोटुलुस’ म्हणतात. नाव तिथूनच आले. सॅन फ्रान्सिस्कोचे नेत्रतज्ज्ञ ॲलन स्कॉट यांनी तिरळेपणावर हे विष आधी माकडांत आणि मग माणसांत वापरले. १९८९मध्ये अमेरिकेत तिरळेपणा व पापण्या आपोआप आकसून मिटण्याच्या विकारासाठी त्याला मान्यता मिळाली. दरम्यान १९८७मध्ये व्हँकूव्हरच्या नेत्रतज्ज्ञ जीन करुथर्स यांच्या एका रुग्णाने, पापण्यांसाठी इंजेक्शन घेतल्यावर आठ्याही नाहीशा झाल्याचे सांगितले. जीन आणि त्यांचे पती, त्वचारोगतज्ज्ञ ॲलस्टेअर, यांनी १९९२मध्ये त्यावर निबंध प्रसिद्ध केला. आठ्यांसाठीची अमेरिकी मान्यता २००२ची.

नाव सारखे वाटले तरी मायक्रोबोटॉक्स ही बेबी बोटॉक्सहून वेगळी पद्धत आहे. सिंगापूरचे शल्यचिकित्सक वॉफल्स वू यांनी ती रूढ केली. तिच्यात पातळ केलेले औषध स्नायूत खोल न देता त्वचेच्या थरात अगदी बारीक थेंबांनी पसरतात.

पातळ करणे आणि मात्रा कमी करणे यांतही गल्लत होते. कुपीतले औषध विरघळवताना मिठाचे निर्जंतुक पाणी जास्त घातले म्हणून युनिट घटत नाहीत. तेवढेच युनिट मोठ्या थेंबात जाऊन शेजारच्या स्नायूंपर्यंत पोचण्याची शक्यता मात्र वाढते. पापणी ओघळणे हा असाच दुष्परिणाम. तो सहसा काही आठवड्यांत निवळतो. मायस्थेनिया ग्रेव्हिससारखा स्नायुदौर्बल्याचा आजार असलेल्यांना कमी मात्राही धोक्याची ठरू शकते. गरोदरपणात आणि अंगावर पाजत असताना हे इंजेक्शन टाळतात.

सर्वांत मोठा धोका नकली किंवा अनधिकृत औषधाचा. २००४मध्ये फ्लोरिडात माणसांसाठी नसलेले, प्रयोगशाळेतले विष टोचल्याने चार जणांना बोटुलिझम (या विषाची अंगभर बाधा) होऊन श्वसनयंत्रावर ठेवावे लागले. २०२४मध्येही अमेरिकेत नकली मालामुळे आजारी पडलेल्यांच्या नोंदी झाल्या. म्हणून सीलबंद कुपी आपल्यासमोर उघडायला सांगण्यात संकोच नसावा. कोणत्या कंपनीचे औषध, किती युनिट, कोणत्या जागी, हे केसपेपरवर लिहून घ्यावे. पुढच्या खेपेची मात्रा त्याच नोंदीवरून ठरते.