डेंग्यूचा ‘रक्ताचा कॅन्सर’ होत नाही

“पेशी उतरल्यो, आता रगताचो कॅन्सर होतलो!” गणपती झाले की मालवण-देवगडकडे हे हमखास कानावर येतं. शेजारच्या काकींच्या हातात मुलाचा रिपोर्ट घामाने ओला झाला होता. प्लेटलेट्स, म्हणजे रक्त गोठवणाऱ्या पेशी, 38 हजार.

डेंग्यूत प्लेटलेट्स उतरतात हे खरं. विषाणूमुळे अस्थिमज्जेचं (हाडांतल्या, रक्तपेशी बनवणाऱ्या मगजाचं) काम काही दिवस मंदावतं, शिवाय रक्तातल्या प्लेटलेट्सही नष्ट होतात. ताप उतरण्याच्या सुमारास आकडा सर्वांत खाली जातो आणि मग बहुधा आपोआप चढतो. रक्ताच्या कॅन्सरमध्ये अस्थिमज्जेतल्या पेशींच्या जनुकांतच बिघाड होऊन त्या बेसुमार वाढतात. डेंग्यूने तसं होत नाही. (एचटीएलव्ही-1 नावाच्या विषाणूमुळे काहींना ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कॅन्सर, होतो, पण तो विषाणू वेगळा, डासांतून येत नाही.)

मग हा समज आला कुठून? ताप, हिरड्यांतून रक्त, कमी प्लेटलेट्स ही ल्युकेमियाचीही सुरुवात असू शकते. आधी ‘डेंग्यू’ वाटतं, नंतर कॅन्सर निघतो. तो आधीपासूनच असतो. म्हणून ताप जाऊन दोन आठवडे झाले तरी प्लेटलेट्स चढल्या नाहीत, किंवा पांढऱ्या पेशी भलत्याच वाढल्या, तर डॉक्टरांना रक्ताचा स्मिअर (काचेवर पसरलेला रक्ताचा थेंब सूक्ष्मदर्शकाखाली) तपासायला जरूर सांगा.

काकींच्या मुलाचा आकडा त्या रिपोर्टनंतर सहाव्या दिवशी दीड लाखावर गेला.